जिवंत पेशीतलं रसायन प्रकाशाने मोजताना: पहिल्या प्रयोगाची तयारी

हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवला जाणारा मानवी पेशींचा एक वाण) हिस्टामिन हा संदेशवाहक रेणू दिला की काही सेकंदांत त्यांच्या आतलं कॅल्शियम कित्येक पटींनी वाढतं आणि थोड्या वेळात बरंचसं खाली येतं. साध्या मायक्रोस्कोपमधून पाहाल तर पेशी जशीच्या तशी. ना रंग बदलतो, ना आकार. ही घडामोड टिपायची तर पेशीत असं काहीतरी सोडावं लागतं जे कॅल्शियमला चिकटलं की वेगळा प्रकाश देईल, आणि तो प्रकाश मोजायला बाहेर उपकरण लावावं लागतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. कॅमेरा मोजतो ते फोटॉन. कॅल्शियम किती, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) किती, पीएच किती, हे आपण त्यावरून काढलेलं अनुमान असतं. प्रकाश कमी-जास्त व्हायला क्रियेखेरीजही कारणं भरपूर: डाय (पेशीत सोडलेला चमकणारा रेणू) विरतो, फोकस सरकतो, पेशी आक्रसते, दिव्याची तीव्रता हलते. नवख्या माणसाचा बराचसा अभ्यास ही इतर कारणं एकेक करून बाद करण्याचाच असतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

उदाहरण म्हणून फ्युरा-२ हा कॅल्शियम दाखवणारा डाय घेतो. रॉजर चेन आणि सहकाऱ्यांनी तो १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर बरेच चकचकीत पर्याय आले, तरी शिकायला याच्याइतकं चांगलं साधन मला दुसरं दिसत नाही, कारण याच्या खोडी सगळ्यांना माहीत आहेत.

पायरी १: प्रश्नाचा वेग ठरवा

उपकरण निवडण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहा. कोणता रेणू मोजायचा आहे, तो किती वेगाने बदलतो, आणि एकेका पेशीतलं हवंय की सगळ्यांची सरासरी चालेल.

कॅल्शियमची उसळी सेकंदांत होते. चेतापेशीत तर मिलिसेकंदांत. सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू काही सेकंद ते मिनिटं घेतो. एनएडीएच या चयापचयातल्या रेणूमधले बदल मिनिटांच्या हिशेबात पाहिले तरी बहुतेकदा भागतं. दर दोन सेकंदांना एक फोटो काढून मिलिसेकंदांचा प्रश्न सुटणार नाही, आणि तासाभराच्या प्रश्नासाठी दर सेकंदाला फोटो काढणं म्हणजे पेशी विनाकारण भाजणं.

सरासरीचा मुद्दा जास्त फसवा आहे. प्लेट रीडर किंवा क्युव्हेटचा फ्लुओरोमीटर हजारो पेशींचा मिळून एक आकडा देतो. शंभर औषधं पटापट चाळायची तर हेच योग्य. पण हिस्टामिनच्या मध्यम मात्रेला अनेक हेला पेशी एकदाच उसळून थांबत नाहीत, पुन्हा पुन्हा उसळतात, आणि प्रत्येकीचा ताल वेगळा. सरासरी घेतली की हे सगळे चढउतार एकमेकांत विरघळून सपाट रेषा उरते. म्हणजे क्रिया जोरात चालू आणि आलेख मात्र निवांत. असा प्रश्न असेल तर मायक्रोस्कोपला पर्याय नाही.

पायरी २: डाय निवडताना नावापेक्षा दोन गुण पाहा

पहिला गुण केडी. डायचे निम्मे रेणू ज्या प्रमाणाला व्यापले जातात, ते प्रमाण म्हणजे केडी. साधारणपणे केडीच्या एक दशांशापासून दहा पटींपर्यंत डाय कामाचा असतो. त्याखाली तो गप्प, त्यावर तो भरून गेलेला. शांत पेशीच्या सायटोप्लाझममध्ये (केंद्रकाबाहेरच्या पेशीद्रवात) मोकळं कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर असतं आणि फ्युरा-२ चा केडी, नळीतल्या द्रावणात मोजलेला, २० अंश सेल्सिअसला सुमारे १३५ आणि ३७ अंशांना सुमारे २२४ नॅनोमोलर आहे. जोडी जमली. हाच डाय एंडोप्लाझमिक रेटिक्युलमच्या, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठाराच्या, आतलं कॅल्शियम मोजायला नेलात तर तिथलं प्रमाण शेकडो मायक्रोमोलर, म्हणजे डाय कायमचा तुडुंब. आलेख हलणार नाही आणि तुम्हाला वाटेल की काही घडलंच नाही.

दुसरा गुण रेशो, म्हणजे दोन मोजमापांचा भागाकार. फ्लुओ-४ सारखा डाय ४८८ नॅनोमीटरच्या प्रकाशावर चालतो आणि कॅल्शियम वाढलं की नुसता उजळतो. पेशीत डाय जास्त भरला असला तरी ती उजळच दिसणार, पेशी जाड असली तरी उजळच. फ्युरा-२ मध्ये गंमत वेगळी आहे. कॅल्शियम चिकटलं की ३४० नॅनोमीटरने उत्तेजित केल्यावर मिळणारा प्रकाश वाढतो आणि ३८० ने मिळणारा घटतो. दोन्ही वेळा बाहेर पडणारा प्रकाश ५१० च्या आसपासच. दोन आकड्यांचा भागाकार केला की डायचं प्रमाण आणि पेशीची जाडी बहुतांशी कटून जाते. मध्ये ३६० च्या जवळ एक तटस्थ बिंदू आहे, तिथे कॅल्शियम बदललं तरी प्रकाश बदलत नाही. संशय आला की तिथे पाहा: ३६० वर आलेख हलला तर दोष कॅल्शियमचा नव्हे, फोकसचा किंवा डायचा.

पीएचसाठी बीसीईसीएफ हा डाय याच पद्धतीने चालतो, ४९० आणि ४४० च्या रेशोवर. पेशीतलं ऑक्सिडेशन-रिडक्शन पाहायला आरओ-जीएफपी हे प्रथिन आहे, ४०५ आणि ४८८ च्या रेशोवर. प्रथिनांचे सेन्सर ही आता मोठी शाखा झाली आहे: कॅल्शियमसाठी १९९७ चे कॅमेलिऑन, २००१ चा जीकॅम्प आणि त्यानंतरची त्याची सुधारित वाणं. त्यांचा फायदा म्हणजे जनुकामार्फत हव्या त्या पेशीत, अगदी मायटोकॉन्ड्रियातसुद्धा, ते बसवता येतात. पण जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) घराण्यातले बरेच सेन्सर पीएचने विचलित होतात, तेव्हा पीएच बदलणारं औषध वापरत असाल तर आधी तेच तपासा.

डाय न घालताही काही दिसतं. एनएडीएच स्वतःच चमकतो: ३४० ते ३६० ला उत्तेजित करा, ४६० च्या आसपास निळसर प्रकाश देतो. त्याचंच ऑक्सिडीकृत रूप एनएडी मात्र चमकत नाही. चयापचय हलला की पेशीची ही आपसूक चमक हलते. सिग्नल मिणमिणता असतो, म्हणून पहिल्या प्रयोगासाठी मी तो सुचवणार नाही.

आणि डाय जास्त भरू नका. तो कॅल्शियमला धरूनच काम करतो, त्यामुळे भरमसाट डाय स्वतःच कॅल्शियम शोषून घेतो आणि उसळी बुटकी, पसरट होते. मोजण्याच्या नादात मोजायची गोष्टच बदलते.

पायरी ३: प्रकाशाची वाट एका टोकापासून तपासा

दिव्यापासून कॅमेऱ्यापर्यंत बोट ठेवत जा.

दिवा. मर्क्युरी दिव्याची ३६५ ची रेषा दणकट, पण ३४० ला तो अशक्त. झेनॉन या भागात जास्त समतोल. आता ३४० आणि ३८० चे एलईडीही मिळतात. ते झटक्यात चालू-बंद होतात आणि त्यामुळे पेशीवर फुकट प्रकाश पडत नाही. निवड हातात असेल तर एलईडी घ्या.

फिल्टर. मायक्रोस्कोपमधल्या फिल्टरच्या डबीत, म्हणजे क्यूबमध्ये, तीन भाग असतात: उत्तेजनाचा फिल्टर, डायक्रोइक आरसा (काही तरंगलांबी परतवणारा, बाकीच्या आरपार सोडणारा) आणि बाहेरच्या प्रकाशाचा फिल्टर. फ्युरा-२ साठी आरसा साधारण ४०० च्या आसपास कापणारा हवा. कुठला क्यूब कोणत्या खाचेत आहे हे सॉफ्टवेअरमधल्या नावावर विसंबून धरू नका. कागदाचा तुकडा स्टेजवर ठेवून रंग डोळ्यांनी पाहा, पण ३४० आणि ३८० साठी अल्ट्राव्हायोलेट रोखणारा चष्मा घाला आणि किरणात सरळ कधीही पाहू नका.

ऑब्जेक्टिव्ह. नवखे लोक सर्वात मोठ्या मॅग्निफिकेशनकडे धावतात. एपिफ्लुओरेसन्समध्ये, म्हणजे एकाच ऑब्जेक्टिव्हमधून प्रकाश टाकताना आणि गोळा करताना, चित्राची उजळता न्यूमेरिकल अपर्चरच्या (ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचं माप) चौथ्या घातानुसार वाढते आणि मॅग्निफिकेशनच्या वर्गानुसार घटते. हिशेब करा: ४० एक्स, १.३ ची ऑब्जेक्टिव्ह ही ६० एक्स, १.४ च्या तुलनेत दीडपटीहून अधिक उजळ चित्र देते, शिवाय एका चौकटीत पेशीही जास्त मावतात. कॅल्शियमसाठी ४० एक्स पुरे. मात्र ती ३४० नॅनोमीटर आरपार सोडते ना, हे निर्मात्याच्या तक्त्यात पाहून घ्या. पुष्कळ उत्तम ऑब्जेक्टिव्हची काच नेमका हाच प्रकाश गिळते. ३८० चं चित्र झकास आणि ३४० चं काळंकुट्ट आलं तर पहिला संशय तिच्यावर घ्या.

डिश. तळ काचेचा, ०.१७ मिलिमीटर जाडीचा हवा. प्लॅस्टिकचा तळ अल्ट्राव्हायोलेट शोषतो आणि वर स्वतः चमकतो.

कॅमेरा. काळ्या अंधारातही तो शून्य दाखवत नाही, ठरावीक ऑफसेट देतो. झाकण लावून एक फोटो काढा आणि तो आकडा लिहून ठेवा. पुढे लागणार आहे.

कॉन्फोकल मायक्रोस्कोप लागेल का? सायटोप्लाझमची सरासरी हवी असेल तर नाही. कॉन्फोकल फोकसबाहेरचा प्रकाश फेकून देतो, म्हणजे तेवढेच फोटॉन मिळवायला पेशीवर जास्त प्रकाश टाकावा लागतो. जाड ऊतीत मात्र त्याला किंवा टू-फोटॉन मायक्रोस्कोपला पर्याय नाही. आणि एक मर्यादा कुठलाच साधा मायक्रोस्कोप ओलांडत नाही: ५१० नॅनोमीटरच्या प्रकाशात १.४ अपर्चरने साधारण १८० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. आबे यांनी १८७३ मध्ये सांगितलेलं हे गणित आहे. एकेक एन्झाइम पाहण्याची स्वप्नं सध्या बाजूला ठेवा.

पायरी ४: पेशी भरणं

बहुतेक प्रयोग इथेच बिघडतात, मायक्रोस्कोपवर नव्हे.

फ्युरा-२ हा भारित रेणू, पेशीच्या पटलातून आत जात नाही. म्हणून तो एएम एस्टरच्या रूपात, म्हणजे भार झाकणारे गट जोडून, देतात. आत गेल्यावर पेशीचेच एस्टरेज एन्झाइम ते एस्टर तोडतात, डाय पुन्हा भारित होतो आणि अडकतो. न तुटलेला डाय कॅल्शियमला प्रतिसाद देत नाही, तरी चमकतो; म्हणून घाई करू नका.

क्रम असा. डीएमएसओमध्ये १ मिलिमोलरचं द्रावण करून, छोटे वाटे पाडून, अंधारात गोठवून ठेवा. प्रयोगाच्या वेळी बफरच्या दर मिलिलिटरला २ मायक्रोलिटर टाका, म्हणजे २ मायक्रोमोलर होतं आणि डीएमएसओ ०.२ टक्क्यांवर राहतं. डाय पाण्यात नीट मिसळत नाही, त्यासाठी किंचित प्ल्युरॉनिक एफ-१२७ हे सौम्य डिटर्जंट आधी डायच्या थेंबातच मिसळून घ्या. पेशींवर हे द्रावण ३० ते ४५ मिनिटं, अंधारात, खोलीच्या तापमानाला. ३७ अंशांवर भरलं तर डाय लवकर आत जातो खरा, पण पेशीतल्या छोट्या कप्प्यांतही शिरून बसतो. मग सायटोप्लाझमऐवजी ठिपकेठिपके उजळलेले दिसतात. अशी पेशी दिसली की ती डिश टाका. पुढे काहीही केलं तरी ती सुधारत नाही. नंतर दोनदा धुऊन, डाय नसलेल्या बफरमध्ये आणखी २० ते ३० मिनिटं ठेवा.

बफरचं माप: सोडियम क्लोराइड १३५, पोटॅशियम क्लोराइड ५, कॅल्शियम क्लोराइड २, मॅग्नेशियम क्लोराइड १, ग्लुकोज १०, हेपेस १०, सगळं मिलिमोलरमध्ये, पीएच ७.४. पेशी वाढवायचं नेहमीचं मीडियम इथे चालत नाही. त्यातलं फिनॉल रेड आणि रायबोफ्लेविन मागे चमकत राहतात, आणि कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरबाहेर बायकार्बोनेटचा पीएच चढत जातो.

काही पेशी डाय बाहेर फेकतात. अर्ध्या तासात ३४० आणि ३८० दोन्ही सारखेच उतरत असतील तर ही फेकाफेक रोखणाऱ्या प्रोबेनेसिडचा विचार करा.

पायरी ५: प्रकाशाची मात्रा

प्रकाश इथे औषधासारखा धरा. त्याची मात्रा असते आणि जास्त झाली तर विष. जितका जास्त प्रकाश, तितकं चित्र सुरेख, आणि तितका डाय विरतो, ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार होतात, पेशी फुगे काढू लागते.

दिवा सर्वात कमी ठेवून सुरू करा. २ बाय २ बिनिंग करा, म्हणजे चार पिक्सेल मिळून एक धरा. पेशीच्या सरासरीसाठी बारीक पिक्सेल लागत नाहीत. एक्सपोजर साधारण ५० ते १०० मिलिसेकंदांपासून सुरू करून असं जुळवा की पेशीचा आकडा पार्श्वभूमीच्या निदान तीन-चार पट भरेल आणि उसळीच्या शिखरावरही कमाल मर्यादेला भिडणार नाही. १२ बिटच्या कॅमेऱ्याची मर्यादा ४०९५, १६ बिटची ६५५३५. मर्यादेला लागलेला पिक्सेल खोटं बोलतो, आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने ते दुरुस्त होत नाही. ३४० चा सिग्नल बहुधा अशक्त, त्यामुळे त्याचं एक्सपोजर जास्त ठेवावं लागलं तरी हरकत नाही. फक्त प्रयोगभर आणि सगळ्या डिशसाठी तेच ठेवा. कॅमेऱ्याचं ऑटो-एक्सपोजर बंद.

मग कोणतंही औषध न देता दहा मिनिटं नुसते फोटो घ्या. रेशो सपाट राहिला तर मात्रा ठीक. आपोआप चढायला लागला तर प्रकाश आणखी कमी करा. हा रटाळ भाग लोक टाळतात, आणि पुढचे आलेख मग कशाचे हे कुणालाच सांगता येत नाही.

पायरी ६: प्रत्यक्ष नोंद

डिश स्टेजवर ठेवून तापमान स्थिर व्हायला वीसेक मिनिटं द्या. तेलाची ऑब्जेक्टिव्ह थंड असेल तर ती डिशमधली उष्णता ओढून घेते आणि फोकस हळूहळू सरकत राहतो. तिच्यासाठी वेगळा हीटर असतो, असेल तर लावा.

दर दोन सेकंदांना ३४० आणि ३८० ची एक जोडी, अशी सुरुवात करा. पहिली दोन मिनिटं काही करू नका, ही पायारेषा. मग हिस्टामिन. एका कोपऱ्यात पिपेटने तीव्र थेंब सोडला तर जवळच्या पेशींना जास्त आणि लांबच्यांना उशिरा मिळतं. त्यापेक्षा दुप्पट तीव्रतेचं द्रावण, डिशमध्ये आहे तितक्याच आकारमानाचं, त्याच तापमानाचं, हलक्या हाताने घाला. शेवटची मात्रा १०० मायक्रोमोलर धरली तर बहुतेक हेला पेशी प्रतिसाद देतात. पाच-सात मिनिटं नोंद चालू ठेवा. शेवटी आयोनोमायसिन द्या: ते पटलातून कॅल्शियम आत सोडतं, त्यामुळे प्रत्येक जिवंत, डाय भरलेल्या पेशीचा रेशो चढलाच पाहिजे. जिचा चढत नाही ती पेशी हिशेबातून काढा.

पायरी ७: आकडेमोड, आणि तिथला सापळा

फिजी किंवा चित्र मोजणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पेशीभोवती चौकट आखा, एक चौकट पेशी नसलेल्या रिकाम्या जागेवर. रिकाम्या जागेचा आकडा (कॅमेऱ्याचा ऑफसेट त्यातच आला) दोन्ही तरंगलांबींतून आधी वजा करायचा, भागाकार नंतर. हा क्रम का, ते आकड्यांत पाहू.

समजा पेशीचा खरा सिग्नल ३४० ला ५०० आणि ३८० ला १०००. रेशो ०.५. पार्श्वभूमी दोन्हीकडे ५००. वजा न करता भागाल तर १००० भागिले १५००, म्हणजे ०.६७. आता प्रयोगादरम्यान निम्मा डाय विरला, कॅल्शियम तसूभर हललं नाही. खरा सिग्नल २५० आणि ५००. रेशो अजूनही ०.५. पण वजाबाकी न करणाऱ्याला ७५० भागिले १०००, म्हणजे ०.७५ मिळतात. कॅल्शियम संथपणे वाढतंय असा देखणा आलेख तयार, आणि घडलंय काहीच नाही.

रेशोवरून नॅनोमोलर काढायचे असतील तर दोन टोकं लागतात. कॅल्शियम नसलेल्या बफरमध्ये ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) आणि आयोनोमायसिन देऊन मिळतो तो किमान रेशो. भरपूर कॅल्शियम आणि आयोनोमायसिन देऊन मिळतो तो कमाल. मग कॅल्शियम बरोबर केडी गुणिले बीटा गुणिले, रेशो वजा किमान, भागिले कमाल वजा रेशो. बीटा म्हणजे ३८० चा कॅल्शियमविरहित सिग्नल भागिले कॅल्शियमने भरलेला सिग्नल. पेशीच्या आत केडी नळीतल्यापेक्षा वेगळा असू शकतो, त्यामुळे येणारं उत्तर अंदाजे असतं. माझं मत विचाराल तर सुरुवातीला रेशोच दाखवा. नॅनोमोलरचा आव आणण्यापेक्षा ते प्रामाणिक.

पायरी ८: कंट्रोल

कंट्रोल म्हणजे पडताळणीसाठी केलेले जोडप्रयोग; निदान चार हवेत. डाय न भरलेल्या पेशी: औषध किंवा पेशी स्वतः चमकते का हे कळतं. फक्त बफर घातलेली डिश: पाणी ओतल्याच्या धक्क्यानेही काही पेशी उसळतात. बाहेर कॅल्शियम नसलेला बफर, थोड्या ईजीटीएसह: हिस्टामिनची पहिली उसळी आतल्या साठ्यातून येते, म्हणून ती टिकते, तिच्यामागची लांब शेपटी बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर अवलंबून, ती खुंटते. आणि चौथा, हिस्टामिनच्या एच-१ ग्राहकाला अडवणारं औषध आधी देऊन: उसळी नाहीशी व्हायला हवी. चारही जमले तर तुम्ही पाहताय ते कॅल्शियमच, आणि ते हिस्टामिनमुळेच, असं ठामपणे म्हणता येतं.

पुढे फ्रेट सेन्सरकडे (दोन चमकणाऱ्या प्रथिनांतलं अंतर बदललं की प्रकाश बदलणारे) जाल, तेव्हा याच सवयी कामी येतील, एक भर घालून. फ्रेटमध्ये निळसर प्रथिन जवळच्या पिवळ्या प्रथिनाला ऊर्जा देतं आणि हे अंतर १० नॅनोमीटरच्या आत असावं लागतं. पण निळसर प्रथिनाचा थोडा प्रकाश पिवळ्याच्या फिल्टरमधूनही गळतो. ही गळती मोजायला फक्त निळसर प्रथिन असलेली एक डिश, पिवळ्याच्या थेट उत्तेजनासाठी फक्त पिवळं असलेली दुसरी, आणि खात्रीसाठी तिसरी, जिच्यातल्या सेन्सरची बांधणारी जागा उत्परिवर्तनाने निकामी केलेली आहे. तिन्ही डिश मूळ प्रयोगाच्याच दिवशी, त्याच एक्सपोजरवर घ्या. आठवड्याने वेगळ्या सेटिंगवर घेतलेले आकडे त्या दुरुस्तीत चालत नाहीत.